स्टार्टर सेट पारखताना: पेटी नेमके कोणाला शिकवते?

प्रश्न असा आहे: पाच जणांचा गट आहे, त्यांपैकी कोणीही आजवर टेबलटॉप फँटसी रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून काल्पनिक जगातली पात्रे वठवण्याचा खेळ, खेळलेला नाही, विचारणाऱ्यालाच गेम मास्टर, म्हणजे कथा सांगणारा आणि नियम चालवणारा, व्हायचे आहे, आणि नवशिक्यांसाठी म्हणून निघालेल्या अनेक पेट्यांपैकी (स्टार्टर सेटपैकी) चांगली कोणती हे ओळखायचे आहे. जोडीला एक शंकाही आहे, की ज्या पेटीत स्वतःचे पात्र घडवण्याचे नियमच दिलेले नाहीत ती अपूर्ण समजावी का. मी बरीच वर्षे अशी टेबले चालवत आलो आहे आणि त्यांपैकी पुष्कळशी पहिल्यांदाच खेळणाऱ्यांची होती, म्हणून दोन्ही गोष्टींचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पेटी पारखताना बहुतेक जण आधी आतल्या वस्तू मोजतात: फासे किती, नकाशे किती, पुठ्ठ्याच्या सोंगट्या आहेत की नाहीत, पुस्तिकांची पाने किती. मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे ही पेटी गेम मास्टरला शिकवते की नाही. खेळाडूला शिकायचे असते ते थोडे असते आणि ते खेळता खेळता शिकता येते. आपले पात्र काय करते हे त्याने शब्दांत सांगायचे, कोणता फासा टाकायचा ते समोरचा सांगतो, आणि तासाभरात तो रुळतो. गेम मास्टरची गोष्ट वेगळी आहे. त्याला नियम माहीत हवेत, मोहिमेतल्या माणसांचे हेतू माहीत हवेत, कोणती माहिती आत्ता सांगायची आणि कोणती राखून ठेवायची हे कळायला हवे, आणि खेळाडूंनी पुस्तिकेत नसलेले काही केले तर तत्काळ निर्णय द्यायला हवा. ज्या गटात कोणीच आधी खेळलेले नाही तिथे चार जण पाचव्याकडून शिकतात आणि त्या पाचव्याला मात्र पेटीखेरीज दुसरा गुरू नसतो. त्यामुळे पेटीची खरी परीक्षा तिथेच होते.

या खेळाचा इतिहास पाहिला तर प्रकाशकांनाही हे सावकाश उमगत गेल्याचे दिसते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली टीएसआर या कंपनीने काढला तोच मुळी एका पेटीत, तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात; पण त्या पुस्तिका वाचणाऱ्याला लघुमूर्तींच्या युद्धखेळांची सवय असणार हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि ज्याला तशी सवय नव्हती त्याला कोणीतरी जाणता शेजारी बसवून घ्यावा लागे. 1977 साली जे. एरिक होम्स यांनी संपादित केलेला बेसिक सेट आला तो हीच अडचण दूर करण्यासाठी. त्यात पहिल्या तीन लेव्हलपुरतेच (पात्राच्या वाढीच्या पायऱ्यांपुरतेच) नियम होते आणि ते एका सरळ क्रमाने मांडलेले होते. 1981 साली टॉम मोल्डवे यांनी तो पुन्हा लिहिला, आणि 64 पानांच्या त्या पुस्तिकेत साहसासाठी स्वतःचे भुयार टप्प्याटप्प्याने कसे रचावे हेसुद्धा उदाहरणासह दाखवले. नियम समजावण्याच्या स्पष्टतेत ती पुस्तिका आजही उत्तम मानली जाते, आणि माझेही मत तेच आहे.

खरा फरक मात्र 1983 च्या लाल पेटीने केला. फ्रँक मेंट्झर यांच्या या आवृत्तीत खेळाडूची पुस्तिका उघडली की नियमांची यादी समोर येत नाही, एक गोष्ट सुरू होते. वाचणारा एकटाच एक योद्धा होऊन गुहेत शिरतो, सापाशी लढतो, अलीना नावाच्या धर्मसेविकेला भेटतो आणि बार्गल या दुष्ट जादूगाराशी त्याची गाठ पडते. या काही पानांत हिट पॉइंट म्हणजे काय (पात्र किती मार सोसू शकते तो आकडा), आर्मर क्लास कशाला लागतो (त्याच्यावर वार लागण्यासाठी गाठायचा आकडा), विषापासून वाचण्यासाठी फासा का टाकावा लागतो हे सारे त्याला गरजेच्या क्षणी, एकेक करून कळते. अलीनाचा मृत्यू वाचून हळहळलेले लोक आज पन्नाशीला आले आहेत आणि अजून तिचे नाव काढतात. नियम आणि भावना एकाच वेळी मनात बसवणारी ही पद्धत मला इतकी मोलाची वाटते, की नवी कोणतीही पेटी हाती आली की नियम आधी सांगून मग खेळायला लावले आहे, की खेळता खेळता नियम सांगितले आहेत, हे मी पहिल्या काही पानांतच तपासतो.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येतो. नियमांची पुस्तिका बाजूला ठेवावी आणि मोहिमेच्या पुस्तिकेतला पहिला प्रसंग वाचावा. तो वाचून झाल्यावर तीन गोष्टी कळायला हव्यात: खेळाडूंना नेमके काय वाचून दाखवायचे किंवा सांगायचे, ते साधारणपणे काय काय करतील आणि त्या प्रत्येक वेळी कोणता नियम लागेल, आणि ते हरले किंवा भलतीकडेच वळले तर पुढे काय. पहिली गोष्ट जवळजवळ सर्वच पेट्या देतात. दुसरी बऱ्याच देतात. तिसरी देणाऱ्या थोड्या, आणि नवख्या गेम मास्टरचे पाय तिथेच लटपटतात.

2014 च्या डंजन्स अँड ड्रॅगन्स स्टार्टर सेटचे उदाहरण घेऊ, कारण पाचव्या आवृत्तीची ही पहिली पेटी फार मोठ्या प्रमाणावर खेळली गेली आहे आणि तिचे गुणदोष दोन्ही शिकण्यासारखे आहेत. 32 पानांची नियमपुस्तिका, 64 पानांची ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ ही मोहीम, पाच तयार पात्रे आणि सहा फासे एवढाच ऐवज. मोहिमेचा पहिला प्रसंग म्हणजे रस्त्यावर मेलेले घोडे आणि झुडपांत दबा धरून बसलेले चार गॉब्लिन, म्हणजे खुजे, दुष्ट राक्षस. कोण कुठे लपले आहे, दबा कसा चालवायचा, लढाईचा क्रम कसा ठरवायचा हे पुस्तिका हाताला धरून सांगते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खेळाडूंची पात्रे हरलीच तर गॉब्लिन त्यांना बेशुद्ध अवस्थेत सोडून, लुटून आपल्या गुहेकडे निघून जातात असेही ती सांगते. या छोट्या सूचनेने पहिल्याच संध्याकाळी खेळ संपण्याची भीती टळते, आणि पराभवातूनही कथा पुढे जाऊ शकते हा धडा गेम मास्टरला न कळत मिळतो.

त्याच प्रसंगाचा दोष समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो, आणि पेटी पारखणाऱ्याने तो जरूर करावा. त्या आवृत्तीत गॉब्लिनचा आर्मर क्लास 15 आणि हिट पॉइंट 7 आहेत. पहिल्या लेव्हलच्या योद्ध्याला वीस बाजूंच्या फाशात साधारण 5 मिळवता येतात, म्हणजे फाशावर 10 किंवा अधिक पडले तरच वार लागतो. ही शक्यता 55 टक्के झाली. तलवारीचा वार आठ बाजूंच्या फाशात 3 मिळवून मोजला, तर लागलेल्या वारांपैकीही प्रत्येक वाराने गॉब्लिन मरेलच असे नाही, आणि एका वाराने एक गॉब्लिन पडण्याची शक्यता जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी उरते. उलट बाजूने पाहावे: गॉब्लिन आपल्या फाशात 4 मिळवतो, जादूगाराचा आर्मर क्लास 12 धरला तर त्याचा बाण 65 टक्के वेळा लागतो, आणि प्रत्येक बाण 3 ते 8 हिट पॉइंट नेतो. जादूगाराचे हिट पॉइंट 8 असले तर एका बाणाने तो सहसा पडत नाही, पण दोन बाण लागले तर दहापैकी नऊहून अधिक वेळा पडतो. दबा यशस्वी होऊन पात्रे बेसावध सापडली तर पहिल्या फेरीत त्यांना काही करताच येत नाही. म्हणजे ज्याने आयुष्यात पहिल्यांदा फासा हातात घेतला आहे असा एखादा खेळाडू आपली पहिली पाळी येण्याआधीच जमिनीवर पडलेला असू शकतो.

याचा अर्थ प्रसंग वाईट आहे असे मी म्हणत नाही. धोका खरा असल्याशिवाय या खेळाला रंग चढत नाही. पण त्या धोक्याची कल्पना पेटीने गेम मास्टरला उघड शब्दांत द्यायला हवी. त्याच मोहिमेत पुढे गॉब्लिनांच्या गुहेच्या टोकाला क्लार्ग नावाचा बगबेअर, म्हणजे गॉब्लिनांचा मोठा, केसाळ भाईबंद, भेटतो, ज्याच्या गदेचा एक फटका सरासरी 11 हिट पॉइंट नेतो. दमलेल्या पहिल्या लेव्हलच्या गटाला हे प्रकरण किती महाग पडू शकते हे अनुभवी माणूस आकडे बघताच ओळखतो. नवख्याला ते लढाई सुरू झाल्यावरच कळते. ज्या पेटीत अशा जागी ‘खेळाडू दमले असतील तर विश्रांती घेऊ द्या’, ‘वाटाघाटीला वाव ठेवा’, ‘शत्रू पळून जाऊ शकतो’ अशा प्रकारचा सल्ला मिळतो ती पेटी माझ्या लेखी वरच्या दर्जाची.

2019 च्या एसेन्शियल्स किटमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपाने दिसते. ‘ड्रॅगन ऑफ आइसस्पायर पीक’ ही तिची मोहीम गावातल्या सूचनाफलकावर लावलेल्या कामांवर चालते, आणि खेळाडू हवे ते काम हवे तेव्हा उचलतात. कल्पना फारच सोयीची आहे, कारण प्रत्येक काम एका बैठकीत संपण्याजोगे आहे. पण अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एकात टेकडीवरच्या पवनचक्कीपाशी एक मँटिकोर, म्हणजे काटेरी शेपटीचा पंखवाला राक्षस, येऊन बसलेला असतो. त्याचे हिट पॉइंट 68, आणि एका पाळीत तो शेपटीचे तीन काटे फेकतो, ज्यांतला प्रत्येक काटा पहिल्या लेव्हलच्या नाजूक पात्राला लोळवण्यास पुरेसा आहे. मोहिमेत त्याच्याशी बोलण्याची, त्याला खाणे देऊन वळवण्याची वाट ठेवलेली आहे, आणि खरे तर त्या प्रसंगाचा हेतूच ‘प्रत्येक राक्षसाशी लढायचे नसते’ हे शिकवण्याचा असावा असे मला वाटते. मात्र खेळ पहिल्यांदा चालवणाऱ्याने हे ओळखून खेळाडूंना तशी चाहूल दिली नाही, तर तलवारी उपसल्या जातात आणि गट संपतो. ही पेटी घेणाऱ्याने हा प्रसंग आधी दोनदा वाचून ठेवावा आणि मँटिकोरला पहिल्यांदा तोंड उघडू द्यावे.

पाथफाइंडर या दुसऱ्या फँटसी खेळाच्या बिगिनर बॉक्सने या बाबतीत सर्वांत शिस्तशीर मार्ग काढला आहे. पहिली पेटी 2011 साली आली आणि दुसऱ्या आवृत्तीची 2020 साली. नव्या पेटीतली ‘मेनस अंडर ओटारी’ ही मोहीम अशी रचली आहे की जवळजवळ प्रत्येक खोलीत एकच नवा नियम समोर येतो: कुठे साधी लढाई, कुठे कौशल्याचा वापर, कुठे सापळा, कुठे विशिष्ट प्रकारच्या इजेला दाद न देणारा शत्रू. गेम मास्टरसाठी त्या त्या जागी तो नियम समजावलेला असतो, त्यामुळे लढाई थांबवून पाने उलटत बसण्याची वेळ क्वचित येते. खेळाडूच्या पुस्तिकेची सुरुवात एकट्याने खेळायच्या छोट्या साहसाने होते, म्हणजे लाल पेटीची परंपराच पुढे चालवलेली आहे. पाथफाइंडरचा मूळ खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्सपेक्षा नियमांनी अधिक भरलेला आहे, प्रत्येक पाळीला तीन कृती आणि प्रत्येक फाशाला यशापयशाचे चार टप्पे असतात. इतका दाट खेळ असूनही त्याची पेटी शिकायला सोपी निघते, हे मांडणी चांगली असल्याचेच फळ आहे. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. एकेक खोली ओलांडत जाणाऱ्या या रचनेत खेळाडूंना मोठे निर्णय घ्यायला कमी जागा मिळते, आणि गावातल्या माणसांशी बोलणे, कुठे जायचे ते आपणच ठरवणे, हा जो या खेळाचा प्राण आहे तो पेटीतल्या मोहिमेत जरा मागे पडतो.

त्या बाजूने ‘लॉस्ट माइन’ अजूनही पुढे आहे. तिचा पहिला भाग एका रस्त्याने चालतो, दुसऱ्या भागात गाव येते आणि तिथल्या प्रत्येक माणसाकडे काही ना काही काम, भीती किंवा बातमी असते, तिसऱ्या भागात आजूबाजूचा प्रदेश मोकळा होतो आणि कुठे आधी जायचे हे खेळाडूच ठरवतात, मग शेवटी सगळे धागे एका मोठ्या खाणीत एकत्र येतात. गेम मास्टरच्या डोक्यावरचा भार या क्रमाने हळूहळू वाढतो. सायकल शिकवणारा जसा आधी सीट घट्ट धरतो आणि मग नकळत हात सोडतो, तशी ही रचना आहे, आणि मोहीम संपेपर्यंत गेम मास्टरला स्वतःची मोहीम लिहिण्याचा आत्मविश्वास येतो. 2022 साली आलेली ‘ड्रॅगन्स ऑफ स्टॉर्मरेक आयल’ ही पेटी याच्या तुलनेत लहान आहे, 48 पानांची मोहीम आणि तिसऱ्या लेव्हलपर्यंतची मजल. सुरुवात अधिक सौम्य आहे, आणि ज्यांना दोन-चार बैठकांत खेळाची चव घेऊन पाहायची आहे त्यांना ती पुरते.

आता तयार पात्रांच्या शंकेकडे वळतो. पात्र घडवण्याचे नियम नाहीत म्हणून पेटी अपूर्ण ठरत नाही, आणि पहिल्या बैठकीपुरते तर ते नसणे हिताचेच असते. ज्याने हा खेळ पाहिलेलाच नाही त्याला बारा क्लासमधून (योद्धा, जादूगार अशा पात्रप्रकारांतून) एक निवड असे सांगणे म्हणजे चव माहीत नसताना निवड करायला लावणे. त्यात संध्याकाळ निघून जाते आणि निवडलेले आवडत नाही ते नाहीच. तयार पात्र हाती दिले की खेळाडू पहिल्या दहा मिनिटांत कथेत असतो. मात्र तयार पात्रे चांगली की वाईट हे काळजीपूर्वक पाहावे लागते. शीटवरचे, म्हणजे पात्राची माहिती असलेल्या कागदावरचे, आकडे कुठून आले हे समजते का, लढताना लागणारी माहिती एका नजरेत सापडते का, मंत्र वापरणाऱ्या पात्राला त्याच्या मंत्रांचा अर्थ शीटवरच मिळतो की दर वेळी पुस्तिका मागावी लागते, आणि लेव्हल वाढल्यावर काय बदलेल ते त्याच कागदावर लिहिलेले आहे का, हे तपासावे.

याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या पात्राला मोहिमेत काही स्वतःचे काम आहे का. 2014 च्या पेटीत हे फार सुंदर साधले आहे: एका धनुर्धराचे गाव ज्या ठिकाणी उद्ध्वस्त झाले तिथे आता एक ड्रॅगन राहतो, ठेंगण्या हाफलिंग जमातीतल्या चोराला दगा देणारी टोळी मोहिमेतल्या गावातच धुडगूस घालत आहे, आणि ज्या भावांभोवती मोहीम फिरते ते बुटक्या धर्मसेवकाच्याच नात्यातले आहेत. अशा पात्राला ‘तू इथे का आलास’ असे विचारावे लागत नाही. नुसता ‘योद्धा, मानव, धाडसी’ एवढाच तपशील असलेली पात्रे देणारी पेटी ही संधी वाया घालवते, आणि मग गेम मास्टरने खेळाडूंशी बोलून प्रत्येक पात्राला निदान एक हेतू आणि गावात एक ओळखीचा माणूस द्यावा.

स्वतःचे पात्र घडवण्याची ओढ तिसऱ्या-चौथ्या बैठकीच्या सुमारास हमखास लागते, आणि तेव्हा पेटीत ते नियम नसल्याचे जाणवते. एसेन्शियल्स किटच्या 64 पानी नियमपुस्तिकेत ते आहेत, पाथफाइंडरच्या पेटीतही आहेत. 2014 आणि 2022 च्या पेट्यांत नाहीत, पण प्रकाशकाचे मूळ नियम विनामूल्य उपलब्ध असल्याने त्यावाचून अडत नाही.

नियमपुस्तिकेच्या पानांची संख्या हा निकष फसवा आहे. मी त्यात दोन गोष्टी शोधतो. एक, सगळ्या खेळाचा कणा असलेली फाशाची कृती पहिल्या काही पानांत, उदाहरणासह, एकदाच आणि नीट सांगितली आहे का. पाचव्या आवृत्तीत ती अशी: वीस बाजूंचा फासा, त्यात पात्राची क्षमता आणि सराव यांचे आकडे मिळवायचे, आणि बेरीज ठरवलेल्या काठिण्याइतकी किंवा जास्त आली की यश. दुसरी, पुस्तिकेत नसलेल्या कृतीचे काय करायचे. खेळाडू झुंबराला लटकून पलीकडे जाऊ म्हणतो, गॉब्लिनला लाच देऊ म्हणतो, दाराऐवजी छत फोडू म्हणतो. अशा वेळी सोप्यासाठी 10, मध्यमासाठी 15, अवघडासाठी 20 ही मोजपट्टी गेम मास्टरच्या हाती असेल तर तो न अडखळता निर्णय देतो. हे अर्ध्या पानाचे प्रकरण ज्या पेटीत ठळकपणे दिले आहे ती अशा वेळी गेम मास्टरला एकटे सोडत नाही. बाकी शस्त्रांचे तक्ते, चिलखतांचे प्रकार, प्रवासाचे अंतर हे सारे गरज पडेल तेव्हा पाहता येते.

साहित्याबद्दल थोडक्यात. फासे पुरेसे असावेत, कारण पाच जणांत एकच संच फिरत राहिला की खेळाची गती मरते. 2014 च्या पेटीत प्रत्येक प्रकारचा एकच, असे सहा फासे होते, तर एसेन्शियल्स किटमध्ये अकरा आहेत आणि त्यांत वीस बाजूंचे दोन. पाचव्या आवृत्तीत अनुकूल परिस्थितीत दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा असतो, म्हणून हा दुसरा फासा चैनीचा नाही. सुरुवातीच्या काळात फाशांचा तुटवडा पडला तेव्हा होम्स यांच्या पेटीत काही काळ फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे दिले जात, आणि त्यावरही लोक आनंदाने खेळले. नकाशा आणि सोंगट्या लढाईतली ‘कोण कुठे उभा आहे’ ही वादावादी टाळतात, आणि पाथफाइंडरमध्ये तर अंतर मोजणे महत्त्वाचे असल्याने तिच्या पेटीतला पटनकाशा आणि पुठ्ठ्याच्या सोंगट्या रोज कामी येतात. 2025 साली आलेल्या ‘हीरोज ऑफ द बॉर्डरलँड्स’ या पेटीत माहितीचा मोठा भाग कार्डे आणि टोकनांवर आणला आहे. ज्यांना बोर्डगेमची सवय आहे त्यांचा हात त्यावर लवकर बसतो, आणि एखादा मंत्र किंवा वस्तू मिळाली की त्याचे कार्डच हाती येणे हे नवशिक्याला फार बरे वाटते.

पेटी संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न विकत घेण्याआधीच विचारावा. काही पेट्यांतले नियम मूळ खेळाचेच असतात, फक्त कमी. पेटी संपली की मोठे पुस्तक उघडायचे आणि जिथे होतो तिथून पुढे जायचे. काहींत ते मुद्दाम सोपे केलेले असतात आणि पुढे थोडे सुधारून घ्यावे लागतात. पहिला प्रकार मला अधिक पसंत आहे, कारण एकदा हाताला लागलेली सवय मोडणे नवे शिकण्यापेक्षा अवघड असते. स्वीडनमधल्या 1982 च्या जुन्या खेळावरून 2023 साली नव्याने आलेल्या ड्रॅगनबेनने तिसरीच वाट धरली: पेटीत संपूर्ण खेळच दिला आहे, अकरा मोहिमा, एकट्याने खेळण्याची पुस्तिका, पात्र घडवण्याचे नियम, सगळे. तिथे वीस बाजूंच्या फाशावर आपल्या कौशल्याच्या आकड्याइतके किंवा त्याहून कमी पडले की यश, त्यामुळे बेरीज करावी लागत नाही. ज्या गटाला पुढे आणखी पुस्तके घ्यायची नाहीत त्याने हिचा विचार नक्की करावा. मात्र तिच्या मोहिमा त्रोटक लिहिलेल्या आहेत आणि गेम मास्टरला हाताला धरून नेण्याच्या बाबतीत ती पाथफाइंडरच्या पेटीची बरोबरी करत नाही.

आता विचारणाऱ्यापुरते. पाच जण, गेम मास्टर नवखा, आणि गटाचा ओढा कथेकडे असेल तर माझी पहिली पसंती 2014 च्या पेटीला, पहिल्या प्रसंगात चारांऐवजी तीन गॉब्लिन ठेवून. गटाला डावपेच, अंतर, लढाईतले बारकावे आवडत असतील तर पाथफाइंडरची पेटी घ्यावी. बैठकीला कोण येईल याचा भरवसा नसेल, किंवा कधी दोघांनाच खेळावे लागणार असेल, तर एसेन्शियल्स किट, कारण तिच्यात एकट्या खेळाडूच्या सोबतीला साथीदार पात्र देण्याचे नियम आहेत आणि कामे सुटी सुटी आहेत. मुले किंवा वाचनाचा कंटाळा असलेले मित्र असतील तर कार्डांवर चालणारी 2025 ची पेटी.

एक खबरदारी मात्र घ्यावी. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे मुख्य नियम 2024 साली सुधारले गेले, आणि 2014, 2019 व 2022 च्या पेट्या त्याआधीच्या नियमांवर आहेत. जुनी मोहीम नव्या पुस्तकांसोबत चालवता येते, तरी एकाच टेबलावर दोन्ही काळांची पात्रे मिसळली की नवख्या गेम मास्टरचा गोंधळ होतो. म्हणून पेटी संपेपर्यंत पेटीतलेच नियम वापरावेत आणि बदल करायचा तो सर्वांनी मिळून, नव्या मोहिमेच्या आरंभी करावा. 2014 ची पेटी आता बहुधा वापरलेलीच हाती लागेल, तेव्हा घेताना पाचही पात्रांच्या शीट आत आहेत का आणि त्यांवर आधीच्या खेळाडूने पेनाने लिहिले आहे का ते पाहावे. फासे नसले तरी चालतील, ते वेगळे मिळतात.